म्हणजे खायचं का न्हाई?

रूथबाई पाटोळेंना पाथर्डीच्या बाजारात भेसळबाई म्हणत. हे नाव कुणी तोंडावर घेतलं तरी त्यांना राग यायचा नाही. एकदा मिरजगावला आम्ही एका मिठाईच्या दुकानात शिरलो, तर गल्ल्यावरचा माणूस आतल्या बाजूला तोंड करून म्हणाला, "भेसळबाई आल्यात रं." बाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "आल्यात तर चहा टाका म्हणावं. आणि आत जो झाकाझाकी करायला पळालाय त्याला सांगा, दमानं कर. पेढ्यावर झाकण पडलं तर पेढा चेपेल, मग मला नमुना चेपलेला न्यावा लागेल."

बाई अन्नसुरक्षा अधिकारी. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसणारा, निरनिराळ्या खात्यांच्या जाहीर सूचना लिहिणारा माणूस. पेपरात आतल्या पानावर 'नागरिकांनी नोंद घ्यावी' असं संपणारी एक चौकट असते आणि लोक ती ओलांडून राशिभविष्याकडे जातात. ती चौकट मी लिहितो. बायको म्हणते, भाजीत मीठ कमी आहे हेही तुम्ही सरळ सांगत नाही, 'आज भाजी वेगळी झालीय' म्हणता. खरं आहे ते. सरळ वाक्य बोललं की ते आपल्या नावावर चढतं. आडवळणाचं वाक्य कुणाच्याच नावावर चढत नाही, म्हणून मला ते आवडायचं. हे आज लिहितोय, तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती.

बाईंशी ओळख अशाच एका वाक्यावरून झाली. यात्रांचा हंगाम होता. मी लिहिलं होतं, 'उघड्यावरील खाद्यपदार्थांचे सेवन शक्यतो टाळावे.' बाई तो कागद घेऊन जिना चढून वर आल्या. अंगानं भरलेल्या, जिना चढल्यावर आधी श्वास मोजून घ्यायच्या. खुर्चीत बसल्या, साडीचा पदर डोक्यावरून ओढून घेतला, मान किंचित पुढे काढली आणि भलत्याच आवाजात बोलायला लागल्या.

"अवं सायेब, म्हंजी खायचं का न्हाई?"

मला हसू आलं.

"हसू नगा. लेकरू बर्फाच्या गोळ्यासाठी रडतंय. देऊ का नगं देऊ?"

"शक्यतो नको," मी म्हणालो.

"शक्यतो म्हंजी? लई रडलं तर चालंल?"

मग पदर खाली घेतला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ही पाथर्डीकडची मावशी. माझ्याबरोबर असते. तुम्ही काहीही लिहिलं की आधी हिला वाचून दाखवायचं. हिला कळलं तर पेपरात द्यायचं."

त्यानंतर मावशी माझ्या टेबलाशी वरचेवर यायची. दुधाची सूचना असो, आंबे पिकवायच्या पावडरीची असो, मावशीचा प्रश्न एकच. 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये' या वाक्यावर तर बाईंचा खास राग. "घरी जावई येणारे, हे सांगताना 'घाबरू नका' म्हणता का तुम्ही? तसं म्हटलं की सासू आधी दरवाजा लावून घेईल." आणि माझ्या प्रत्येक मजकुरात 'दक्षता घ्यावी' असायचंच, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं दक्षताराव. पुढे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तेच म्हणायला लागले.

लोकांना वाटायचं, ही बाई घरून डबा आणत असेल आणि बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसेल. उलट होतं. नगरातल्या कुठल्या गाडीवर काय चांगलं मिळतं हे बाईंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. फक्त एक होतं. गाडीपाशी गेल्या की आधी तिथलं पुसायचं फडकं दोन बोटांत धरायच्या. ओलं, आंबूस लागलं तर पुढे चालू. कोरडं लागलं की स्टूल ओढायच्या आणि म्हणायच्या, "भेळ द्या, तिखट." एका भेळवाल्यानं विचारलं, बाई, तुम्ही फडकं बघता, चव नाही बघत? बाई म्हणाल्या, "चव तर माझ्या घरात पण नाही. फडकं कोरडं आहे."

त्यांच्या पर्समध्ये कंगवा, बडीशेप आणि आयोडीनची एक लहान बाटली असायची. खवा किंवा पनीर दिसलं की थेंब टाकायचा. पिठूळ काही मिसळलेलं असलं की ते निळं पडायचं. हे त्या हळदीकुंकवात करून दाखवायच्या, शाळेत करून दाखवायच्या, लग्नात तर पंगत बसायच्या आधी. एका नाताळाला त्यांच्याच चर्चच्या जेवणात पनीर होतं. पनीर पुरवणारा मंडळीच्या सेक्रेटरीचा मेहुणा. पाळक साहेब आशीर्वाद मागायला उभे राहिले होते आणि बाईंनी वाटीत थेंब टाकला. वाटी निळी. सेक्रेटरी हळूच म्हणाला, "बाई, आज सणाचं राहू द्या की." बाई म्हणाल्या, "आज राहू दिलं तर उद्या मोमीनच्या दुकानात आणि जोशांच्या डेअरीत मी कुठल्या तोंडानं जाऊ?" त्या नाताळाला सगळ्यांनी वरणभात आणि करंज्या खाल्ल्या. मीही होतो. करंज्या चांगल्या होत्या.

त्या नेहमी जिंकायच्या असं मात्र नाही. रेशनच्या तांदळाची गोष्ट सांगतो.

त्या वर्षी रेशनच्या तांदळात पोषणासाठी बनवलेले काही दाणे मिसळून आले. ते जरा वेगळे दिसायचे, पाण्यात तरंगायचे. मोबाईलवर फिरलं की सरकार प्लास्टिकचा तांदूळ देतंय. पाथर्डीच्या पुढच्या एका गावात ऊसतोडीला निघालेल्या घरांतल्या बायका अंगणात बसून तो दाणा दाणा निवडून उकिरड्यावर टाकत होत्या. सहा महिन्यांचं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढायचं होतं आणि त्यांचा वेळ जात होता तांदळातून औषध वेचून टाकण्यात. रेशन दुकानावर माझं पोस्टर होतं, 'गुणसंवर्धित तांदळाबाबत जनजागृती'. ते ज्या बांबूला ताणून लावलं होतं त्याला कुणीतरी शेळी बांधली होती.

बाईंनी समजावलं. मिठात आयोडीन घालतात तसं तांदळात लोह घातलंय, रक्त वाढतं. एक म्हातारी म्हणाली, "लोखंड घातलंय व्हय? मग पिलास्टिकच बरं हुतं की बाई. त्ये निदान हालकं तरी हाय."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मग त्यांनी पाट मागितला. म्हणाल्या, भात टाका, निवडू नका, तो वेगळा दाणा आधी माझ्या ताटात वाढा. जेवल्या. दोनदा आमटी घेतली. बाजेवर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "तुमी सरकारी मान्सं. तुमाला काय हुतंय? तुमाला सगळं पचतं."

परत येताना जीपमध्ये बाईंनी पर्समधली बडीशेप काढून मला दिली. मग म्हणाल्या, "निम्म्या घरांनी शिजवलं. निम्म्यांनी नाही. म्हाताऱ्याचं काही चुकलं नाही. पाहुणा घरात शिरून जेवायला बसला आणि मग आपण ओळख करून द्यायला गेलो. आधी सांगायला हवं होतं, दक्षताराव. आणि त्या शेळीला कळेल असं."

आता भगरीचं. हे लिहायचं म्हणूनच हा कागद घेतलाय, आणि इतका वेळ भेळ आणि करंज्या सांगत बसलो.

आमच्याकडे नवरात्रात घरोघरी उपास. उपासाला भगर. भाकरी, थालीपीठ करायला भगरीचं पीठ लागतं. पूर्वी बायका भगर धुऊन वाळवून जात्यावर दळायच्या. आता पीठ तयार मिळतं, दुकानात पोत्यातून सुटं. दमट हवेत त्याला बुरशी धरते. ती डोळ्यांना दिसत नाही, वासालाही कळेल असं नाही. खाल्लं की मळमळतं, चक्कर येते, हातपाय कापायला लागतात. आणि उपासाचं आहे, देवीचं आहे, म्हणून कुणी त्याच्यावर संशय घेत नाही. लोक पाण्यावर घेतील, उन्हावर घेतील, भगरीवर घेणार नाहीत.

घटस्थापना तोंडावर होती. जिल्ह्यात एका ठिकाणी पीठ खाऊन माणसं आजारी पडल्याचं कानावर आलं. बाईंनी नमुने पाठवले, अहवालाला वेळ लागणार होता. दौऱ्यावर निघताना त्या माझ्या टेबलावर मजकूर ठेवून गेल्या. 'भगरीचं तयार पीठ विकत आणू नका. आणलं असेल तर खाऊ नका, फेकून द्या. पाकीटबंद अख्खी भगर आणा आणि लागेल तेवढीच घरी दळा.' खाली लिहिलं होतं, 'मावशीला कळलंय. हात लावू नका.'

मी हात लावला.

'फेकून द्या' मला फार उघडं वाटलं. अहवाल आलेला नाही. व्यापाऱ्यांचे फोन येतील. उपासाचं अन्न फेका असं सरकार कसं सांगणार? मी लिहिलं, 'नवरात्रोत्सवाच्या पार्श्वभूमीवर भगरीच्या पिठाचे सेवन करताना नागरिकांनी योग्य ती दक्षता घ्यावी. घाबरून जाण्याचे कारण नाही.' साहेबांनी न वाचता सही केली. वाचून केली असती तरी बदललं नसतं. मजकूर चांगलाच झाला होता.

माझी थोरली बहीण, अक्का, पाथर्डीत असते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. माझी चौकट छापून आली की ती मोठ्यानं वाचायची, जावेला ऐकवायची, शेजारणीला ऐकवायची. "आमच्या धाकट्यानं लिवलंय."

नवरात्राच्या सुरुवातीलाच फोन आला. अक्का, तिची जाऊ आणि शेजारची एक बाई, तिघी दवाखान्यात. मी पोचलो तेव्हा अक्का कॉटवर होती, सलाईन लावलेलं. चहाचा कप तिच्या हातात थरथरत होता, बशीवर वाजत होता. मला बघून तिला बरं वाटावं तर उलट तीच मला धीर द्यायला लागली.

"दक्षता घेतली की रे म्या. दोनदा चाळलं. उन्हात ठिवलं. कीड न्हाई का काय न्हाई. तू लिवलं नसतंस तर तसंच खाल्लं असतं. तुझ्यामुळं वाचलो बघ."

हे वाक्य अजून माझ्यापाशी आहे. कुणी शिवी दिली असती तर विसरलो असतो.

बाई तिथं आल्याच होत्या. प्रत्येकीला काय खाल्लं, कुठून आणलं, विचारत होत्या, उरलेलं पीठ पिशवीत घालून सील करत होत्या. अक्कानं त्यांना माझी ओळख करून दिली. "ह्यो माजा भाऊ. पेपरात सरकारचं लिहितो त्यो ह्योच." बाईंनी माझ्याकडे बघितलं. अक्काला म्हणाल्या, "हो का? चांगलं लिहितात. पण अक्का, माझं ऐका, घरात उरलं असेल ते फेकून द्या."

बाहेर रसवंतीपाशी मी म्हणालो, "वरून तसं आलं होतं, बाई."

"वरून म्हणजे कुठून?" बाई म्हणाल्या. "तुमच्या टेबलाच्या वर पंखा आहे, दक्षताराव."

एवढंच. रसाचे पैसे त्यांनी दिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक टेम्पो घेतला, वर भोंगा लावला आणि गावोगाव निघाल्या. 'फेकून द्या. जनावरांना पण घालू नका.' अहवाल अजून आलेला नव्हता. एका बाजारात एक व्यापारी टेम्पोला आडवा आला. "बाई, देवीच्या उपासाचं फेकून द्या म्हणता. तुमच्यात तर उपास नसतो. तुम्हाला काय कळणार?" लोक जमले. मीही बरोबर गेलो होतो, टेम्पोच्या मागच्या बाजूला उभा होतो. बाई भोंग्यातूनच म्हणाल्या, "असतो की आमच्यात. ईस्टरच्या आधी, होळीच्या आगंमागं असतो. तेव्हा मी कायबी वंगाळ खाताना दिसले तर तुमी सांगायला या. मी ऐकीन. आज माझी पाळी हाय." गर्दी हसली. व्यापारीही हसला आणि बाजूला झाला. त्यानं पोतं आत घेतलं की नाही मी बघितलं नाही, बाईंनी बघितलं. त्याच दुकानासमोर टेम्पो उभा करून त्यांनी चहा मागवला आणि पोतं आत जाईपर्यंत पुरवून प्यायला.

तिघी बऱ्या होऊन घरी गेल्या. अहवाल आला, बुरशीच होती. तोपर्यंत लोकांनी भगर सोडून दिवाळीची चिवड्याची यादी काढली होती.

पुढच्या नवरात्राच्या आधी बाई जिना चढून आल्या. "यंदा टेम्पोवर चढा. अक्काची गोष्ट सांगा. मी बोलले की लोक हसतात आणि घरी जातात. तुम्ही बोललात तर पीठ फेकतील. आमच्याकडं भावानं सांगितलेलं बायका ऐकतात."

"माझा घसा बसलाय."

त्याच्या पुढच्या वर्षीही बसलेला होता. मग एका वर्षी ऑफिसात काम निघालं. मग पुन्हा घसा. बाई म्हणायच्या, "तुमच्या घशाला घटस्थापना बरी कळते." त्यांनी कधी साहेबांकडे शब्द काढला नाही, कधी कुणाला सांगितलं नाही. फक्त दरवर्षी येऊन विचारायच्या, जसं एखादी बाई दरवर्षी येऊन वर्गणी मागते, तेवढ्याच सहजपणे. आणि मी अक्काला 'वरून आलं होतं' एवढंही सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंच नाही.

बाई निवृत्त झाल्या. निरोपाची बातमी मीच लिहिली. 'प्रदीर्घ सेवेनंतर त्या कार्यमुक्त होत आहेत.' त्यांनी ती वाचली, पदर डोक्यावर घेतला. "अवं सायेब, म्हंजी मी जायचं का ऱ्हायचं?" सगळं ऑफिस हसलं. त्या देवळाली प्रवऱ्याला माहेरच्या घरी राहायला गेल्या. टेबलाशी मावशी यायची बंद झाली. मग माझे मजकूर आणखी गुळगुळीत झाले.

गेल्या नवरात्रात, घट बसायच्या आदल्या दिवशी, मी अक्काकडे गेलो होतो. नवी सून पीठ चाळत होती. अक्का तिला सांगत होती, "दोनदा चाळ. मामांनी पेपरात लिवलं हुतं."

मी विचारलं, "अक्का, हे भगरीचं पीठ? विकतचं?"

"व्हय. इतकी वर्सं आणलंच न्हाई. पर म्या इचार केला, तवा चाळण जाड हुती. यंदा मैद्याची घेतलीय."

"त्या बाईंनी फेकून द्या म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"त्यांनी सांगितलं हुतं. पर तू लिवलं हुतंस दक्षता घ्या. म्या तुजं ऐकलं."

सून चाळण हातात धरून आमच्याकडे बघत होती. मी खाली बसलो. म्हणालो, "अक्का, ते खायचं नाही. चाळून जात नाही ते. बाईंनी बरोबर लिहून दिलं होतं, फेकून द्या म्हणून. ती ओळ मी काढली. वरून कुणी सांगितलं नव्हतं."

अक्का उठली. चाळण सुनेच्या हातातून घेतली, पीठ उलटं पिशवीत ओतलं, पिशवीला गाठ मारली. मग म्हणाली, "मंग हितं चुलीपाशी काय सांगतोस? बाजारात जा की. समद्या पिशव्या भरून चालल्यात."

बाजारात बाईंच्या जुन्या खात्याचा टेम्पो उभा होता. नवा अधिकारी तरुण, भला माणूस. भोंग्यातून माझाच मजकूर वाचत होता, 'योग्य ती दक्षता घ्यावी'. टेम्पोला खेटून एक बाई सुटं पीठ जोखून घेत होती. मी वर चढलो आणि त्याच्या हातातला माईक मागितला. घसा खरोखरच बसला होता.

काय बोललो ते नीट आठवत नाही. माझी बहीण इथल्याच गल्लीत राहते, असं सुरुवातीला बोललो. तिनं दोनदा चाळलं, उन्हात ठेवलं आणि तरी सलाईन लागलं. का, तर तिच्या भावानं सरळ लिहिलं नव्हतं. तो भाऊ मी. बाजार काही शांत झाला नाही. कांदेवाला भाव ओरडतच होता. जोखून घेणाऱ्या बाईचा हात मात्र थांबला होता. मला वाटलं झालं, आणि माईक खाली घेतला.

तेवढ्यात सीताफळांच्या पाट्यांमागून आवाज आला.

"अवं सायेब, म्हंजी खायचं का न्हाई?"

डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. नव्या अधिकाऱ्यानं त्यांना दोन शब्द बोलायला बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वर आल्याच नव्हत्या.

"खायचं नाही," मी म्हणालो.

"आन आनलंय त्येचं काय करू?"

"फेकून द्यायचं."

"म्हशीला घालू का?"

"म्हशीलाही नाही."

"आसं बोला की," मावशी म्हणाली.

टेम्पोजवळच्या बाईनं पिशवी दुकानदाराच्या तागडीत परत ठेवली. तो काही बोलायला लागला, तिनं ऐकलं नाही. मी पुन्हा सीताफळांकडे बघितलं, तर बाईंनी पदर खांद्यावर घेतला होता आणि पाठ फिरवून गर्दीतून निघाल्या होत्या. मी हाक मारणार होतो, पण माईक हातात होता, आणि आणखी दोघी पिशव्या घेऊन टेम्पोकडे येत होत्या.

चौकातल्या भेळेच्या गाडीपाशी त्या थांबल्या. दोन बोटांत फडकं धरून बघितलं. मग स्टूल ओढलं.